स्पेनचा अध्यक्ष आणि आमची एक व्हॅन

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. मिस्सा संपली होती, चर्चच्या आवारात चहाची रांग लागली होती, आणि हेझलने माझ्या हातात चार कागद दिले. त्या क्षणी सगळं बदललं. इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

कागद कसले, तर ती बाहेरून बी.ए. करतेय, त्याचे प्रश्न. "डॅडी म्हणाले, तू पॉलिटिक्स केलंयस. मला हे जमतच नाही, ॲली. प्लीज?" तिचं मराठी असंच. मस्कतच्या शाळेत वाढलेली – प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत ठरवते, मग एकेक शब्द उचलून ठेवते. मी म्हटलं, बघतो. बघतो! जीव मागितला असता तरी दिला असता.

तिसरा प्रश्न वाचून हसू आलं. स्पेनचा पंतप्रधान आझ्नार – आर्थिक सुधारणा आणि निवडणुकीतला पराभव. वसईच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी हाच विषय माझ्याकडे होता. अर्धा लिहून सरांना दाखवायला नेला, तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "कुठून उतरवलंस?" मी उतरवलं नव्हतं. डोकं सटकलं. कागद टेबलावर आपटले आणि बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. पप्पा दोन महिने बोलले नाहीत. मग त्यांनी सेबॅस्टियन अंकलना फोन लावला – आमच्या गिरीज गावचेच – आणि अंकलनी मला इथे मस्कतला त्यांच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये चिकटवलं.

व्हिसा त्यांच्यामुळे, नोकरी त्यांच्यामुळे. आणि हेझल त्यांची मुलगी. माझं जे काही आहे ते एकाच माणसाच्या मुठीत आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर

स्टोअरमध्ये माल नव्हता, दिवसभर स्पेन वाचलं. विसरलो नव्हतो काही. १९९६ला हा गृहस्थ आला तेव्हा दर पाच माणसांमागे एक बेकार. त्याने खर्च आवळला, सरकारी कंपन्या विकल्या, तूट संपवली, देश युरोत नेला. बेकारी निम्म्यावर आली. जुन्या वळणाचा, ताठ, फारसा न हसणारा माणूस. मजेची गोष्ट – तिकडे पंतप्रधानाला अध्यक्षच म्हणतात. सरकारचा अध्यक्ष.

आमचेही अध्यक्ष आहेत. सेबॅस्टियन अंकल, आठ वर्षं. मंडळ आमचं वसईकर कॅथलिकांचं – दीडशे घरं, ना बोर्ड ना नोंदणी, नुसता एकमेकांवरचा भरवसा. अंकल आले तेव्हा मंडळ बुडाल्यात जमा होतं म्हणे. त्यांनी नाताळचं फुकट जेवण बंद करून कुपनं काढली. नोकरी गेलेल्यांना मिळायची ती मदत तीन महिन्यांवर आणली. ("बसून खायची सवय लागते, ॲली.") आणि शहराबाहेरच्या कामगारांच्या कॅम्पमधल्या लोकांना मिस्साला आणणाऱ्या दोन व्हॅन होत्या, त्यातली एक बंद केली. लोक कुरकुरतात, पण आज मंडळ स्वतःच्या पायावर उभं आहे हे त्यांचे वैरीही कबूल करतात.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मंडळाची सभा. अंकल उभे राहिले आणि म्हणाले, "आठ वर्षं पुष्कळ झाली. मी उभा राहणार नाही. माझ्या जागी स्टॅन्ली." टाळ्या. स्टॅन्ली बँकेत आहे, पस्तिशीचा, शर्टाला कधी सुरकुती नाही. माझ्या मागे कुणीतरी कुजबुजलं, "जागाच नाही, जावईपणसुद्धा देतायत."

कानशिलं तापली. उठून बाहेर गेलो. नळाखाली डोकं धरलं.

स्टॅन्लीच्या विरोधात ॲश्ली परेरा उभा आहे. हॉटेलात शेफ, बोलबच्चन. मतदान १२ डिसेंबरला, चिठ्ठ्यांनी.

आझ्नारही आठ वर्षांनी स्वतःहून बाजूला झाला होता. आपल्या हाताने माणूस निवडून पुढे केला होता. हे हेझलला सांगू का? नको.

गुरुवार, २० नोव्हेंबर

हेझलबरोबर करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा. कागदाच्या पेल्यात, त्यांच्या इमारतीखालच्या टपरीवर, तिची आई बाल्कनीतून बघत असताना. तरीही – वीस मिनिटं!

ती म्हणाली, "पण इकॉनॉमी चांगली होती ना? मग हरले कसे?"

मी सांगितलं. आधी युद्ध. दहातले नऊ लोक नको म्हणत असताना त्याने इराकच्या युद्धाला पाठिंबा दिला. तरी पक्ष जिंकेल असंच सगळे म्हणत होते. मग मतदानाला तीन दिवस उरले असताना, ११ मार्च २००४, माद्रिदमध्ये सकाळच्या लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले. दोनशेच्या आसपास माणसं गेली. सरकारने लगेच बास्क बंडखोरांकडे बोट दाखवलं. जिहादी गटाकडे जाणारे पुरावे यायला लागले तरी तेच धरून बसले. लोक रस्त्यावर आले – मत देण्याआधी आम्हाला खरं काय ते सांगा. रविवारी मतदान झालं. आटोपला कारभार.

"म्हणजे बॉम्बमुळे हरले."

"बॉम्बमुळे नाही गं. बोट दाखवल्यामुळे."

ती पेल्याच्या कडेवरून बघत राहिली. "तू असं बोलतोस तेव्हा बरं वाटतं ऐकायला," म्हणाली. मग "बट यू शाउट अ लॉट, ॲली." दोन्ही वाक्यं घेऊन वादी अदाईतल्या माझ्या खोलीपर्यंत चालत आलो. तासभर लागला. कळलंही नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आता व्हॅनचं काम माझ्याकडे आलंय. अंकलचा नियम – ड्रायव्हरने एकाच माणसाचं ऐकायचं, दहा जणांचे फोन घ्यायचे नाहीत. तो एक माणूस मी. मी सांगितल्याशिवाय व्हॅन हलत नाही. हेझलसमोर मला ही जबाबदारी दिली, छाती फुगली.

ड्रायव्हर इक्बालचाचा. श्रीवर्धनकडचे, पंचवीस वर्षं इथे, माझ्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. मी आजारी होतो तेव्हा त्यांच्या बायकोने, खुदेजाचाचींनी, आठवडाभर पेज पाठवली होती. आज त्यांच्याबरोबर अमरातच्या पलीकडच्या कॅम्पपर्यंत गेलो. एक व्हॅन, दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीची माणसं दीड तास उन्हात. आल्बिना मावशी – हॉटेलच्या लाँड्रीत काम करतात, वसईकडच्या नंदाखालच्या – चढताना म्हणाल्या, "तुझ्या अध्यक्षाला म्हणावं, देवाला भेटायलाही आता पाळी लावून उभं राहावं लागतं." सगळे हसले. मीही.

वाटेत रस्ता वादीच्या, म्हणजे इकडच्या कोरड्या नदीच्या, पात्रात उतरतो आणि पलीकडे चढतो. कोरडं ठक्क, नुसते गोटे. कडेला खांब आहेत, त्यांच्यावर पट्टे रंगवलेले. चाचा म्हणाले, "पाणी लाल पट्ट्याला लागला की गाडी घालायची नाय. गुन्हा हाय हय. जेल." मी म्हटलं, इथे पाऊसच कुठे असतो? ते म्हणाले, "हय पाऊस दिसत नाय. पाणी दिसता. पाऊस तिकडं डोंगरात पडून गेलेला असता."

मंगळवार, २ डिसेंबर

स्टॅन्ली हेझलच्या घरी जेवायला. माझी दोन पानं तिने तपासून पाठवली, खाली हसरा चेहरा. त्या चेहऱ्याचं काय करू?

रविवार, ७ डिसेंबर

दुपारपासून डोंगरावर काळं साचलंय. खाली शहरात स्वच्छ ऊन. कसंतरीच होतंय.

सोमवार, ८ डिसेंबर

आल्बिना मावशी गेल्या. मी

मंगळवार, ९ डिसेंबर

काल हात चालला नाही. आज कामावर गेलो नाही. लिहितो.

काल निष्कलंक मातेचा सण. संध्याकाळी सहाची मिस्सा. चर्चच्या आवारात अंकल खुर्च्या मोजून घेत होते, हेझल चार पावलांवर मेणबत्त्या लावत होती. आकाश मोकळं. चार वाजून दहा मिनिटांनी चाचांचा फोन. पहिल्या फेरीत कॅम्पची अकरा माणसं घेतली होती, वादीच्या काठावर उभे होते.

"पाणी आलाय. लाल पट्ट्याला लागलाय. अर्धा तास थांबतो, उतरेल."

मी अंकलना सांगितलं. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "एकच व्हॅन आहे, ॲली. हा अर्धा तास थांबला तर दुसरी फेरी गेली. तिकडे अजून दहा-बारा माणसं उभी आहेत. शुक्रवारी मतदान, आणि आज सणाच्या दिवशी निम्मे लोक मिस्साविना? ॲश्लीला आयतं कोलीत. चार थेंबांना काय घाबरतो? सांग त्याला. निघ म्हणावं."

हेझल माझ्याकडे बघत होती. हे मी स्वतःपासून लपवणार नाही. ती बघत होती म्हणून मी आवाज चढवला.

"चाचा, बाईसारखे घाबरता काय? अध्यक्ष सांगतायत. निघा. खलास."

पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "बरा. तू सांगतोस तर निघतो."

व्हॅन मधोमध बंद पडली. पाण्याने आडवी केली. पलीकडच्या गावातल्या ओमानी पोरांनी दोर टाकून दहा जणांना आणि चाचांना ओढून काढलं. आल्बिना मावशींचा हात सुटला. अंधार पडायच्या आत खाली गोट्यांत सापडल्या. सणासाठी नवी साडी नेसल्या होत्या.

चाचांना पोलिसांनी तिथूनच नेलं.

बुधवार, १० डिसेंबर

सकाळी मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षांचा निरोप. शब्द न् शब्द उतरवतो – "चालकाने मंडळाच्या सूचनेकडे दुर्लक्ष करून, स्वतःच्या मर्जीने वाहन पाण्यात घातले. मंडळ या बेजबाबदारपणाचा निषेध करते." खाली पन्नास जोडलेले हात.

धावतच ऑफिसात त्यांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "अंकल, हे खोटं आहे." आवाज बाहेर गेला असणार. त्यांनी उठून शांतपणे दार लावलं.

"बस. पाणी पी." मग म्हणाले, "आपल्या मंडळाचा इथे एक कागद नाही. मंडळाचं नाव वर आलं की चौकशी आली. कुणी चालवलं, कुणाच्या परवानगीने, दीडशे घरं. किती जणांना घरी पाठवायचंय तुला? इक्बालला मी वकील देणार आहे. निवडणूक होऊ दे."

"पण निघ तुम्ही म्हणालात."

ते टेबलाच्या काचेवर बोट फिरवत बसले. डोळे सुजलेले होते. आल्बिना मावशींना इथे त्यांनीच आणलं होतं, बारा वर्षांपूर्वी. मग अगदी हळू म्हणाले, "फोन तुझा होता, ॲली. आवाज तुझा होता."

बाहेर आलो. पाय नुसते चालत होते. म्हणजे चाचांनी पोलिसांना सांगितलंच असणार – ॲलिस्टर म्हणाला, मी निघालो. ते का नाही सांगणार? कोठडीत ते आहेत. दुपारी फोन तीनदा वाजला. एकदा पप्पा, दोनदा स्टॅन्ली. एकही घेतला नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर, सकाळ

रात्रभरात ठरवलं. उद्या सभेत उभा राहतो. स्टॅन्लीचं भाषण सुरू झालं की उठतो आणि अध्यक्षांच्या तोंडावर सांगतो. मतदानाच्या आधी! बघू मग कोण निवडून येतं आणि कोण जावई होतं.

वरचं वाक्य वाचलं. लाज वाटली. पण खोडत नाही.

गुरुवार, दुपार

जिन्यावर खुदेजाचाची भेटल्या. डोळे वर केले नाहीत, मला बघायचंच नव्हतं त्यांना बहुतेक. हातात डबा. पोलीस चौकीवर नेत होत्या. मी नुसता भिंतीला लागून वाट दिली.

गुरुवार, संध्याकाळ

हेझल इथे आली. या खोलीत, वादी अदाईत, एकटी! दार उघडं ठेवून उभी राहिली.

"मी ऐकलं होतं, ॲली. सगळं. डॅडी काय म्हणाले, तू काय म्हणालास."

मी म्हटलं, "मग तूच सांग उद्या."

"ही इज माय फादर." मग मराठी शोधत म्हणाली, "ते जेवत नाहीत. रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडतात, आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. आठ वर्षं त्यांनी स्वतःसाठी काय घेतलं? सांग ना. उद्याचा दिवस जाऊ दे. नंतर ते इक्बाल अंकलना बाहेर काढतील, प्रॉमिस केलंय मला. फक्त उद्या गप्प बस. माझ्यासाठी."

माझं मनगट धरलं होतं. महिनाभर याच गोष्टीची स्वप्नं बघितली होती.

"आणि स्टॅन्ली?"

"मी स्टॅन्लीला हो म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "म्हणणारही नाही."

मी हो म्हटलं.

जाताना सांगून गेली – असाइनमेंट पाठवली. माझा शेवटचा, बोट दाखवल्याचा परिच्छेद तिने काढून टाकला. लांबी जास्त होत होती म्हणे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आधी आल्बिना मावशींसाठी प्रार्थना, मग मतदान. त्यांची शवपेटी अजून कागदपत्रांसाठी अडकलीय. अंकलनी भाषणात पुन्हा तेच वाक्य म्हटलं – "चालकाच्या मर्जीने." म्हणताना एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसलो. हेझल दोन रांगा पुढे, पाठ ताठ.

तेवढ्यात लोकांच्या माना एकेक करून वळू लागल्या. हॉलच्या फाटकाशी खुदेजाचाची उभ्या होत्या. काळा बुरखा, हातात तोच डबा. आत आल्या नाहीत, काही बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या. व्हॅनमधून वाचलेल्यांपैकी एक बाई उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग दुसरी. मग आणखी दोघं. तीच माणसं, व्हॅनमध्ये चाचांच्या मागे बसलेली. त्यांनी फोनवरचं बोलणं ऐकलंच असणार – निदान चाचांची बाजू. आतापर्यंत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, मत देण्याआधी एकदा नीट सांगा. नक्की झालं काय?"

अंकल म्हणाले, "जे झालं ते लिहून कळवलंय."

मी उठायला हवं होतं. अर्धा उठलोसुद्धा. मनगटावर तिचा हात आठवला, आणि बसून राहिलो.

स्टॅन्ली ४९, ॲश्ली ९३. स्टॅन्ली न बोलता गाडीत बसून निघून गेला. आठ वर्षांचा कारभार पाऊण तासात आटोपला. ॲश्लीने माइक घेतला – दोन व्हॅन चालू करू, नाताळचं जेवण पूर्वीसारखं, कुपन बंद. शिट्ट्या. इक्बालचाचांचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. चौकशीची भीती त्यालाही आहेच. मी फाटकाकडे बघितलं तेव्हा चाची निघून गेल्या होत्या.

सगळे पांगल्यावर अंकल प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचत होते. एकटेच. मदतीला गेलो. म्हणाले, "राहू दे. आता वकिलाचं बघावं लागेल ते नव्या कमिटीला. माझ्या हातात काय राहिलं?"

हेझल गाडीत बसली होती. काच वर. माझ्याकडे बघितलं नाही. मी गप्प बसलो, तिचे डॅडी हरले, चाचा आतच आहेत. कुणासाठी गप्प बसलो मी?

शनिवार, १३ डिसेंबर

आत्ता खुदेजाचाची दारात येऊन गेल्या. मी मनाची तयारी करून उघडलं – आता शिव्या, आता पोलिसांचा निरोप. त्या म्हणाल्या, "पोरा, तुला सांगायला आली. घाबरू नको. पोलिसांनी तीनदा विचारला, कोणी सांगितला होता का गाडी घालायला. हे म्हणाले, नाय, कोणी नाय, मीच चुकलो. मी विचारला, का असा बोलताव? म्हणाले, एकवीस वर्षांचा हाय तो. हय आत गेला तर त्याचं पुढं काय होयल?"

चार दिवस मी त्या माणसाला घाबरून होतो.

ओळखपत्राचं कार्ड घेतलं, फोन घेतला – आठ तारखेचा चाचांचा कॉल त्यात आहे. चाची खाली जिन्यात थांबल्यात, चौकी त्यांना माहीत आहे. हेझलला कळवलेलं नाही. एवढं लिहून दार ओढून घेतो आणि जातो.